पडद्यावरच्या मराठीचा ‘राँग फाँट’

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुने संगणक भंगारात न घालता त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली बसवा, असा सल्ला देणारा लेख मध्यंतरी आपल्या पुरवणीत आला होता. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, माझे मशीन 2014 चे, त्यावर विंडोज 11 चढत नाही. सल्ला पटला आणि मी तो ऐकला. रॅम किती लागते, पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा, सगळे त्या लेखात होते. हे सगळे झाल्यावर पडद्यावर मराठी कशी दिसेल, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. माझी नाचक्की झाली ती नेमकी तिथे. म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी वाईची. वय सदुसष्ट. चौतीस वर्षे प्रुफे तपासली, त्यातली पहिली काही शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, छापखान्यात. अजूनही दोन प्रकाशकांची आणि दिवाळी अंकांची कामे घरी येतात. आमच्या गावात विश्वकोशाचे कार्यालय असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घावरून हुज्जत घालणारी माणसे इथे मंडईतही भेटतात. थोडक्यात, प्रूफवाल्या बाईची चूक या गावात लपत नाही.

माझी चूक झाली ती अशी. नोव्हेंबरात भाच्याने मशीनवर लिनक्स घालून दिले. त्याच आठवड्यात कराडच्या एका लेखकांची घाटवाटांवरच्या पुस्तकाची फाइल आली, दोनशे बारा पाने. दुसऱ्याच पानावर ‘दऱ्या’ हा शब्द मोडलेला. र, त्याखाली टिंब, त्याचा पाय मोडलेला, आणि ‘या’ शेजारी अंग चोरून उभा. मी खूण केली. पुढे ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘पायऱ्या’, सगळीकडे तेच. घाटवाटांचे पुस्तक, त्यात पायऱ्या आणि दऱ्या किती असणार! पंचवीसएक खुणा केल्यावर कंटाळून वर शेरा मारला, ‘जोडाक्षरे सर्वत्र तुटली आहेत, फाइल पुन्हा टाइप करावी’, आणि पाठवून दिली.

तासाभरात फोन. “अहो बाई, माझ्याकडं तर एकही अक्षर तुटलेलं नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा.”

मी तीच फाइल मोबाइलवर उघडली. ‘दऱ्या’ अगदी सुरेख, भुवईसारखा अर्धा र ‘या’च्या डाव्या कडेला बिलगवून बसलेल्या. चौतीस वर्षांत असे ऐकून घ्यायची वेळ आली नव्हती. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, फाइल बरोबर आहे आणि तुझे डोळेही बरोबर आहेत. तुझ्या मशीनला ते अक्षर काढताच येत नाहीये.”

हे वाक्य पचायला मला दोन दिवस लागले. खिळ्यांच्या काळात असे होत नसे. केसमधून (खिळ्यांच्या खणांतून) कंपोझिटरने जो खिळा उचलला तोच स्टिकमध्ये बसायचा, तोच गॅलीत आणि तोच प्रुफावर उमटायचा. दिसते ते असते, हा आमच्या धंद्याचा पायाच. संगणकाच्या फाइलीत मात्र अक्षर नसतेच, असतो नुसता क्रमांक. र चा एक, ऱ चा दुसरा, पाय मोडायचा तिसरा. त्यांचे रूप घडते ते वाचणाऱ्याच्या मशीनवर, तिथे जो फाँट हाताशी असेल त्यातून. ऱ चा पाय मोडून पुढे य आला तर भुवई काढायची, हा नियम फाँटमध्ये लिहिलेला लागतो. हिंदीला त्याची गरज नाही आणि नेपाळीत भुवई लागली तरी ती ऱ वापरून काढत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरत्या केलेल्या काही फाँटांत तो नसतो. आचार्य वेगळे आणि आचारी वेगळा, ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होते आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण, ही अडचण आपल्या मराठी पंगतीतलीच.

तर हा फाँट माझ्या गळ्यात कोणी घातला? शनिवारी भाचा पुण्याहून आला. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून त्याने मशीनला विचारले, मराठीसाठी तू कोणता फाँट देतोस? उत्तरात जे नाव आले ते नेपाळीसाठी घडवलेल्या एका फाँटाचे. त्या फाँटाचा यात काही दोष नाही, तो बिचारा काठमांडूत छान काम करत असेल. दोष वाटपाचा. लिनक्समध्ये फाँटकॉन्फिग नावाचा एक कारकून बसलेला असतो. प्रोग्रॅमने ‘साधा फाँट दे’ म्हटले की कोणता उचलायचा ते तो ठरवतो. त्याच्या नियमांच्या फाइलींना आकडे दिलेले असतात आणि तो त्या आकड्यांच्या क्रमाने वाचत जातो. भारतीय भाषांच्या नावाखाली माझ्या मशीनवर देवनागरीचे एकदम दहा-बारा फाँट येऊन पडले होते, आणि कारकुनाने यादीत जो आधी सापडला तो दिला.

मला सगळ्यात खटकले ते वेगळेच. आम्ही प्रुफावर समासात ‘डब्ल्यू. एफ.’ अशी खूण करायचो. राँग फाँट. वितरण करताना, म्हणजे छापून झाल्यावर खिळे परत खणांत टाकताना, एखादा खिळा चुकून दुसऱ्याच टाइपाच्या घरात पडायचा आणि मग ओळीत एकच अक्षर जाड किंवा बुटके यायचे. नव्या मशीनवर तेच पाहिले, तेही एकाच शब्दात. ‘ॲडव्होकेट’ मधला ॲ लठ्ठ, बाकीचा शब्द बारीक. याचे कारण मजेशीर आहे. अ वर चंद्र हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फाँटांत ते नाही. मग कारकून तेवढे एक अक्षर शेजारच्या फाँटातून उसने आणतो. वकिलाच्या नावाआधीच राँग फाँट! आमच्या फोरमनने कंपोझिटरला केसवरून उठवले असते.

उपाय फार अवघड नव्हता. आधी नको ते फाँट काढून टाकले. तुम्ही काय वापरता, असे ज्यांना विचारायचे असेल त्यांच्यासाठी सांगते: मी तीन ठेवले. गूगलचा नोटो सान्स देवनागरी, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या कामातून आलेला शोभिका. तिन्ही फुकट आणि तिन्हींचा परवाना मोकळा आहे. विंडोजमधला मंगल उचलून आणू का, असे मी आधी विचारले होते. र. कृ. जोशींनी घडवलेला तो फाँट विंडोज 2000 बरोबर घरोघर आला आणि मराठी माणसाच्या डोळ्यांत बसला आहे. भाच्याने मान हलवली, त्याचा परवाना विंडोजपुरता आहे. बरे, नको.

मग त्या कारकुनाला हुकूम लिहून द्यायचा. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची: साधा फाँट मागितला तर हा दे, लिहिण्या-वाचण्याचा मागितला तर तो दे. कारकुनाच्या फाइलींत 50 आकड्याची एक फाइल असते, ती म्हणते, ‘घरमालकाचे काही म्हणणे आहे का ते आधी बघ’. बाकीच्या लिप्यांची यादी 65 वर. म्हणून घरमालकाचे चालते. यात आमची एक फजिती झाली. यादीत मुक्ता पहिला लिहिला, तर सगळ्या मेनूंची इंग्रजीही मुक्तात दिसू लागली, कारण मुक्तात इंग्रजी अक्षरेही आहेत. मग इंग्रजीचा फाँट आधी आणि देवनागरीचा त्याखाली, असे लिहिले. पहिल्यात देवनागरी नसल्यामुळे मराठीसाठी कारकून आपोआप एक पायरी खाली उतरतो. शेवटी तिथे मुक्ताऐवजी नोटोच ठेवला. चहा झाला, मशीन बंद करून चालू केले, कराडची फाइल उघडली. दऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाडी, सगळे जागच्या जागी. मी लेखकांना फोन करून माफी मागितली. ते मोठ्या मनाचे निघाले. नंबर तपासून घ्या ही सूचना मात्र त्यांनी मागे घेतली नाही.

अक्षरे बरोबर आली, पण गोड दिसेनात. शिरोरेषा कुठे जाड, कुठे पातळ, जणू मशीनमनने मेकरेडी (छापण्याआधी दाब सगळीकडे सारखा करणे) नीट केली नाही आणि फर्मा एका बाजूला दाबला गेला. काना उभा, पण त्याच्या एका कडेला तांबूस आणि दुसरीला निळसर झाक. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून मला निळे जरा जास्तच दिसते, त्यामुळे ती झाक फार टोचायची. आणि ठळक मथळे तर शाई जास्त झाल्यासारखे भरलेले, ‘ष्ठ’ आणि ‘क्ष’ ची पोटे बुजलेली.

यातले ठळक मथळ्यांचे दुखणे आपोआप गेले. जुन्या फाँटाला ठळक भाऊ नव्हता, म्हणून मशीन साध्यालाच फुगवून खोटा ठळक करत होते. नोटोला खराखुरा ठळक आहे.

शिरोरेषेची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ही एक खिट्टी फिरवली की निम्मे काम होते आणि ती कोणी सांगत नाही. माझा पडदा साडेअठरा इंची, आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके. म्हणजे इंचाला जेमतेम पंच्याऐंशी. इंग्रजी अक्षर एवढ्यात भागवते. आपले अक्षर तीन मजली: वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, मधे अक्षराचे अंग, खाली उकार आणि पायमोड. अकरा पॉइंटांत तीन मजले बसवायचे तर मधल्या मजल्याच्या वाट्याला सात-आठ ठिपके येतात. शिरोरेषेला एक. ती जर दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे पडली तर दोन्ही करडे होतात आणि रेघ फिसकटते. यावर हिंटिंग नावाची सोय आहे, अक्षराला ठिपक्यांच्या रेघेवर आणून बसवायची. तिच्या पायऱ्या चार: अजिबात नाही, थोडी, मध्यम, पूर्ण. माझ्याकडे ‘पूर्ण’ होती. पूर्ण म्हणजे चांगलेच असणार, असे वाटते. देवनागरीत उलटे झाले, अक्षर आडवेही ओढले जाई आणि ‘म’ ची गाठ कान्याला चिकटे. ‘थोडी’ वर ठेवले की अक्षर फक्त वर-खाली सरकवले जाते, रुंदीला हात लागत नाही. शिरोरेषा आडवी, तिला तेवढेच हवे असते. लख्ख उमटली.

रंगाच्या झाकेचे कारण असे की पडद्याचा एक ठिपका म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात, आणि अक्षराची कड नाजूक करायला त्या सुट्या-सुट्या वापरतात. चांगल्या डोळ्यांना ते कळत नाही. मला कळते. मी ते बंद करून साधा करडा प्रकार घेतला. अक्षर किंचित मऊ झाले, पण आता संध्याकाळपर्यंत डोके दुखत नाही. इथे तुमचे-माझे जमायलाच पाहिजे असे नाही, ज्याने त्याने बघून ठरवावे. आणि हो, सगळ्या मशीनचा मजकूर एक घर मोठा केला. वयाला लाजायचे काय त्यात.

लिनक्सवर अक्षर वाईटच दिसते, ही ख्याती तशी जुनी आहे आणि एके काळी तिला कारण होते. फाँटातल्या सूचना वाचून अक्षर रेघेवर बसवायच्या युक्तीवर ॲपलचे पेटंट होते. त्यामुळे लिनक्सची अक्षरे काढणाऱ्या फ्रीटाइपने ती बंद ठेवली होती. मे 2010 मध्ये मुदत संपली आणि त्याच वर्षी ती चालू झाली. आज अक्षर वाईट दिसत असेल तर ते खिट्ट्या न फिरवल्यामुळे. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात लिनक्सची दोन मशीन आहेत. तिथे मुले ज्या मराठीत कादंबऱ्या वाचत होती ती बघवत नव्हती. ग्रंथपालबाईंना विचारले तर म्हणाल्या, “फुकटातलं आहे हो, चालायचंच.” मी एका दुपारी बसून दोन्ही नीट केली. भाच्याने कागदावर लिहून दिले होते, त्यावर बोट ठेवून. मला जमले म्हणजे कोणालाही जमेल. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारले, “नवे मॉनिटर आणले का कोणी?”

आता आपल्याशी संबंधित मुद्दा.

एवढे सगळे झाल्यावरही ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच राहिले होते. मराठी ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला तो. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमाला ठरवून दिली, पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा आदेश निघाला, देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरा म्हणून. आदेश चांगलाच आहे. पण संगणकाला मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच. नोटोसारख्या फाँटात दोन्ही घाट असतात, आणि हिंदी हा ठरलेला. मजकूर मराठीत आहे असे कोणी त्याला सांगितले तरच तो मराठी घाट पुढे करतो. लिब्रे ऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्रॅमात भाषांच्या सेटिंगमध्ये हिंदीच्या जागी मराठी निवडले आणि सगळ्या पानांवरचे ल एका क्षणात पाकळी उमलल्यासारखे बदलले. सत्तरीकडे झुकलेली बाई टाळी वाजवते का? वाजवली.

मग मोठ्या उत्साहाने आपल्या दैनिकाचे संकेतस्थळ उघडले. सगळे ल दंडाचे, सगळे श हिंदी. छापील अंकात मात्र दोन्ही मराठी घाटाचे. भाच्याने पानाचा मूळ मजकूर काढून दाखवला. पानाच्या अगदी वरच्या ओळीत, हे पान कोणत्या भाषेतले, हे सांगायची जागा असते. तिथे आपण इंग्रजी असे लिहिले आहे. पन्नास हजार अक्षरे मराठी आणि दारावरची पाटी इंग्रजी. ब्राउझर पाटी वाचतो, त्याला आत डोकावायची सवय नाही. शिवाय अक्षराचा फाँट म्हणून जी यादी दिली आहे त्यात देवनागरीचा एकही नाही, म्हणजे प्रत्येक वाचकाच्या मशीनवरच्या कारकुनाच्या मर्जीवर सगळे सोपवलेले. ज्याचा कारकून नेपाळी फाँट देतो, त्याच्याकडे आपल्या अग्रलेखातल्या ‘दुसऱ्या बाजू’चे काय होत असेल, ते मी वर सांगितलेच आहे.

ही एकट्या आपली गोष्ट नाही. मी सवयीने आणखी चार मराठी स्थळे पाहिली. एकावर हिंदीची पाटी होती, दोनांवर इंग्रजीची, एकावर पाटीच नव्हती. मी वर्गणी आपल्याला देते म्हणून आपल्याला सांगते.

हवे आहे ते एवढेच. त्या वरच्या ओळीत इंग्रजीची खूण काढून मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरे घालावीत, आणि फाँटांच्या यादीत मराठी घाट असलेला एखादा देवनागरी फाँट असावा. पहिल्या कामाला, भाच्याच्या हिशेबाने, संगणक विभागाला चहा पिण्याइतका वेळ लागेल. दुसऱ्याला जेवणाइतका. आणि लिनक्सवर पुन्हा लेख छापाल तेव्हा पेन ड्राइव्हच्या परिच्छेदानंतर फाँटावर चार ओळी घाला. लागल्या तर मी लिहून देईन, मानधन नको.

हे पत्र छापलेत तर कागदावर ‘शाळा’ आणि ‘लेखन’ नीटच येतील, त्याची मला काळजी नाही. संकेतस्थळावर ते कसे उमटतात हे मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, उघडून बघणार आहे. त्यातला ‘दुसऱ्या’सुद्धा.

आपली,
एक मुद्रितशोधक, वाई